कॅल्शियम फॉस्फेटच्या दाण्यांवर रक्तातली प्रथिनं किती बसली, हे मोजताना

गेल्या पावसाळ्यात पीएच.डी. करणारी एक मुलगी वही घेऊन आली. ‘मॅडम, माझ्या दाण्यांवर चौरस मीटरला २१ मिलिग्रॅम अल्ब्युमिन बसलंय. खूपच छान मटेरियल आहे!’ अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं सर्वांत मुबलक प्रथिन. मी तिला त्याचा रेणू कागदावर काढायला सांगितला. हिशेबापुरता तो ४ × ४ × १४ नॅनोमीटरचा ठोकळा धरला, तर आडवे रेणू शेजारी शेजारी मांडून एका चौरस मीटरवर साधारण २ मिलिग्रॅम मावतात. सगळे उभे रचले तरी ७ च्या आसपास. म्हणजे तिच्या दाण्यांवर अल्ब्युमिनचे उभे तीन थर एकावर एक बसायला हवे होते. मटेरियल ठीक होतं, चूक मोजणीत होती. ती कुठे होती ते सहाव्या टप्प्यात येईल.

हा लेख अशा मोजणीसाठी आहे. हाडातली पोकळी भरायला वापरतात ते हायड्रॉक्सीॲपेटाइट, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा दोन्हींच्या मिश्रणाचे सच्छिद्र दाणे आपल्याकडे आहेत आणि रक्तातलं कोणतं प्रथिन त्यांना किती चिकटतं हे पाहायचंय. आधी एकट्या प्रथिनावर हात बसवा, मगच प्लाझ्माकडे (पेशी काढलेल्या रक्तद्रवाकडे) वळा. उलट्या क्रमाने गेलेले बहुतेक जण तीन महिन्यांनी परत अल्ब्युमिनवरच येतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. हे दाणे म्हणजे काचेची गोळी नाही. ते पाणी पितात, थोडे विरघळतात, बफरमधून (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातून) आयन घेतात आणि बफरला आयन देतात. खाली सांगितलेल्या निम्म्याहून अधिक चुका हे विसरल्यामुळे होतात.

टप्पा १ : दाण्यांची ओळख पटवून घ्या

बाटलीवर ‘हायड्रॉक्सीॲपेटाइट’ लिहिलंय म्हणून आत तेच असेल असं धरू नका, विशेषतः दाणे प्रयोगशाळेतच भाजले असतील तर. शुद्ध हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचं गुणोत्तर १.६७ असतं, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये १.५. गुणोत्तर १.६७ च्या वर गेलेली पूड भट्टीत भाजली की जास्तीचं कॅल्शियम चुन्याच्या रूपाने मागे राहतं. असे दाणे बफरमध्ये टाकले की चुन्याची निवळी तयार होते, पीएच चढतो आणि प्रथिनाचा आकार व विद्युतभार बदलतो. मग जे मोजतो तो चुन्याचा परिणाम असतो.

तपासणी: १ ग्रॅम दाणे २० मिली ताज्या, उकळून गार केलेल्या शुद्ध पाण्यात तासभर ठेवा आणि पीएच मोजा. १० च्या वर गेला तर चुना आहे, आणि फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंबही गुलाबी होऊन तेच सांगेल. क्ष-किरण विवर्तनाची सोय असेल तर तांब्याच्या नेहमीच्या किरणांसाठी ३७.४ अंशांजवळ चुन्याची रेघ दिसते का ते बघा. असा माल या प्रयोगातून बाद करा. धुऊन चुना निघाल्यासारखा वाटतो, पण दाण्याच्या आतला तिथेच राहतो.

मग पृष्ठफळ. १२०० अंशांच्या आसपास भाजलेल्या दाण्यांचं विशिष्ट पृष्ठफळ बहुधा ग्रॅमला १ चौरस मीटरच्या आगेमागे, कित्येकदा त्याहूनही कमी असतं. न भाजलेल्या नॅनो पुडीचं ५० ते १०० असू शकतं. त्यामुळे ‘ग्रॅममागे इतकं प्रथिन’ अशी तुलना केली तर पूड नेहमीच जिंकते आणि त्यातून काहीच कळत नाही. नायट्रोजन शोषणाने पृष्ठफळ मोजून घ्या. १ चौरस मीटरच्या खालच्या मालासाठी यंत्रचालकाला नमुना जास्त घ्यायला सांगा, नाहीतर क्रिप्टॉन वापरा, कारण थोड्याशा नमुन्यावर नायट्रोजनचा आकडा डळमळतो. आणखी एक पेच असा की नायट्रोजनचा रेणू जिथे शिरतो तिथे अल्ब्युमिन शिरेलच असं नाही. पुडीच्या बाबतीत हे लक्षात ठेवून लिहा. चांगल्या भाजलेल्या दाण्यांत हा पेच फारसा येत नाही.

दाणे चाळून एकाच मापाचे घ्या (मी २५० ते ५०० मायक्रोमीटर वापरते). चाळल्यावर इथेनॉलमध्ये दोन-तीनदा हलकेच खळबळून बारीक भुगा ओतून टाका, ११० अंशांवर रात्रभर वाळवा आणि सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत उघड्या राहिलेल्या वाटीतले दाणे वजन करता करताच ओल धरतात. तराजूवरचा शेवटचा आकडा सतत वर सरकताना दिसला तर तराजू बिघडलेला नाही, दाणे हवेतलं पाणी घेतायत.

टप्पा २ : बफर निवडा, आणि तो फॉस्फेटचा नसू द्या

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. फ्रिजमध्ये पीबीएसची (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरची) बाटली कायम भरलेली असते, हात आपोआप तिच्याकडे जातो. नेहमीच्या पीबीएसमध्ये सुमारे १२ मिलीमोलर फॉस्फेट असतं, आपल्या प्लाझ्मात जेमतेम १ मिलीमोलर.

अल्ब्युमिनसारखी आम्लधर्मी प्रथिनं आपल्या कार्बॉक्सिल गटांनी दाण्यावरच्या कॅल्शियमला धरतात. फॉस्फेटचे आयनही त्याच जागेवर हक्क सांगतात आणि संख्येने ते कितीतरी पटींनी जास्त असतात. हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या स्तंभावर प्रथिनं वेगळी करणारे लोक फॉस्फेटची मात्रा वाढवूनच ती प्रथिनं खाली उतरवतात. म्हणजे पीबीएसमध्ये मोजणी करताना एका हाताने प्रथिन चढवायचं आणि दुसऱ्या हाताने उतरवायचं, असं चालतं.

मी वापरते तो बफर: २० मिलीमोलर हेपीस (पीएच धरून ठेवणारं रसायन), १४० मिलीमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.४. तो ३७ अंशांवर जुळवायचा. ट्रिस वापरायचा असेल तर तापमानाकडे जास्त लक्ष द्या. त्याचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने घसरतो. २५ अंशांवर ७.४ ला लावलेला ट्रिस ३७ अंशांच्या इंक्युबेटरमध्ये ७.१ च्या जवळ येतो आणि तेवढ्यानेही ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं विरघळणं वाढतं.

पुढची पायरी बरेच जण गाळतात: बफर दाण्यांनी ‘मुरवून’ घ्या. ५० मिली बफरमध्ये त्याच जातीचे १ ग्रॅम दाणे घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवा, सकाळी गाळा आणि पीएच पुन्हा बघा. या बफरने आधीच थोडं कॅल्शियम-फॉस्फेट घेतलेलं असल्यामुळे खऱ्या प्रयोगात दाणे कमी विरघळतात. प्रथिनाचं द्रावण, धुणं, ब्लँक (प्रथिन नसलेला नमुना), स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या मात्रांवरून काढलेला वक्र), सगळं याच बफरमध्ये. प्रत्येक मटेरियलचा मुरवलेला बफर वेगळा ठेवा आणि बाटलीवर नाव टाका.

सावधान: २४ तासांच्या प्रयोगात जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम ॲझाइड घालतात. ते चालतं, पण पुढे पेरॉक्सिडेज जोडलेली प्रतिपिंडं वापरणार असाल तर ॲझाइड त्या विकराला मारतं. शेवटी काय करणार आहात ते आज ठरवा.

टप्पा ३ : प्रथिनाचं द्रावण

पहिल्यांदा गाईचं सीरम अल्ब्युमिन घ्या. स्वस्त आहे आणि त्याच्याबद्दल पुष्कळ माहिती आहे. पूड बफरच्या पृष्ठभागावर भुरभुरा आणि आपोआप भिजू द्या. व्हॉर्टेक्सवर धरू नका. फेसाच्या प्रत्येक बुडबुड्यावर प्रथिन पसरतं आणि बिघडतं. विरघळल्यावर जोरात सेंट्रिफ्यूज करून गुठळ्या खाली बसवा आणि वरचं द्रावण घ्या.

तपासणी: २८० नॅनोमीटरवर १ मिग्रॅ/मिली अल्ब्युमिनचं शोषण सुमारे ०.६७ येतं. वजनावरून काढलेली मात्रा आणि हा आकडा यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुडीत ओल आहे. शोषणाचा आकडा खरा धरा.

फायब्रिनोजेन (रक्त गोठताना जाळं बनवणारं प्रथिन) वेगळ्या स्वभावाचं आहे. ते ३७ अंशांच्या कोमट बफरमध्येच विरघळवा, ढवळू नका, गार बफर तर नकोच. आणि बाटलीवरचं लेबल शेवटपर्यंत वाचा. विकतच्या फायब्रिनोजेनमध्ये बहुतेक वेळा सोडियम सायट्रेट मिसळलेलं असतं. सायट्रेट कॅल्शियमला घट्ट धरतं: दाण्याचा पृष्ठभाग खातं आणि वर स्वतःही त्यावर बसतं. डायलिसिसच्या पिशवीत (ती लहान रेणू बाहेर जाऊ देते, प्रथिन आत ठेवते) घालून हेपीस बफर दोन-तीनदा बदलल्याशिवाय हे प्रथिन वापरू नका. लेबल न वाचता केलेला माझा एक पूर्ण महिना असाच वाया गेला. ‘फायब्रिनोजेन दाण्यांना धरतच नाही’ असा निष्कर्ष मी वहीत ठळक अक्षरांत लिहिला होता.

टप्पा ४ : दाणे भिजवा, हवा काढा, वजन करा

नवं मडकं पहिल्यांदा पाणी पितं तसे हे दाणे पितात. मडक्यातून निघणारे बुडबुडे दिसतात, दाण्यातले सूक्ष्म छिद्रांत अडकून बसतात. हवा अडकलेली राहिली तर आतल्या पृष्ठभागापर्यंत प्रथिन पोचत नाही. मग पृष्ठफळ मोजलेलं पूर्ण आणि प्रथिन पोचलेलं अर्धं, असा हिशेब होतो.

१. रिकामी नळी वजन करून घ्या. कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकची २ मिलीची नळी बरी.
२. १०० मिलिग्रॅम सुके दाणे घाला, पुन्हा वजन करा.
३. १ मिली मुरवलेला बफर घाला आणि झाकण उघडं ठेवून निर्वात डेसिकेटरमध्ये १०–१५ मिनिटं ठेवा. बुडबुडे थांबले की हवा हळूहळू आत सोडा. झटक्यात सोडली तर दाणे उडतात.
४. ३७ अंशांवर रात्रभर.
५. सकाळी बारीक टिपने वरचा बफर जमेल तेवढा ओढून घ्या आणि लगेच तिसऱ्यांदा वजन करा.

पाचव्या पायरीतलं ते तिसरं वजन मला विद्यार्थ्यांच्या वहीत क्वचितच सापडतं, आणि सगळं त्यावरच अडतं. हायड्रॉक्सीॲपेटाइटची घनता ३.१६ ग्रॅम/घसेमी आहे. म्हणजे १०० मिलिग्रॅम दाण्यांत घन भाग सुमारे ३२ मायक्रोलिटर. दाणे ६० टक्के सच्छिद्र असतील तर छिद्रांची जागा त्याच्या दीडपट, म्हणजे ४७ मायक्रोलिटर. तुम्ही कितीही ओढलं तरी एवढा बफर दाण्यांच्या पोटातच राहणार. हा आकडा प्रत्येक नळीसाठी वजनावरून काढून ठेवा.

सावधान: इथून पुढे दाणे सुकू देऊ नका. बफर ओढला आणि चहाला गेलात, तर परत येऊन ती नळी टाकून द्या.

टप्पा ५ : नळ्या मांडा आणि प्रथिन घाला

नळ्यांचे चार गट लागतात. पहिला, दाणे आणि प्रथिन: हा खरा प्रयोग, प्रत्येक मात्रेला तीन नळ्या. दुसरा, दाणे नसलेला, फक्त प्रथिन: नळीच्या भिंतीला किती चिकटतं ते यातून कळतं. तिसरा, प्रथिन नसलेला, फक्त दाणे आणि बफर: विरघळलेलं कॅल्शियम, फॉस्फेट आणि तरंगणारा भुगा मोजणीत किती रंग घालतात ते इथे दिसतं. चौथा, ज्यात काय घडायचं ते आपल्याला आधीच माहीत आहे असा: अल्ब्युमिन बसवलेले दाणे ०.४ मोलर सोडियम फॉस्फेटमध्ये ठेवायचे. प्रथिन मोठ्या प्रमाणात सुटून आलं पाहिजे. नाही आलं तर तुमचं ‘चिकटलेलं’ प्रथिन बिघडून गोठलेलं असू शकतं.

मात्रा ०.०५, ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ मिग्रॅ/मिली. खालच्या टोकाला कंजुषी करू नका, वक्राचा चढ तिथेच असतो. ३७ अंशांना आणलेलं द्रावण १ मिली घाला आणि नळ्या उलट्यासुलट्या फिरवणाऱ्या यंत्रावर मिनिटाला १०–२० फेऱ्यांनी लावा.

सावधान: चुंबकीय ढवळणी वापरू नका. कांडी दाणे पाट्यावर वाटल्यासारखे दळते, नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि तासातासाला प्रथिन ‘वाढत’ जातं. असा न थांबणारा वक्र दिसला की आधी ढवळणीवर संशय घ्या.

वेळ: ५ मिनिटं, १५, ३०, १ तास, २ तास आणि २४ तास. प्रत्येक वेळेसाठी स्वतंत्र नळी. एकाच नळीतून पुन्हा पुन्हा नमुना काढला की आकारमान घटत जातं आणि हिशेब घसरतो.

टप्पा ६ : उरलेलं मोजा, मग धुवा

वेळ झाली की नळ्या १०,००० जी वर ५ मिनिटं फिरवा. ‘जी’ म्हटलंय, मिनिटाला फेऱ्या नाही. यंत्राच्या रोटरप्रमाणे ते रूपांतर करून घ्या. भुगा वर तरंगत राहिला तर त्यावर बसलेलं प्रथिन ‘न चिकटलेलं’ म्हणून मोजलं जातं. फिल्टर शक्यतो टाळा, कारण बरेच फिल्टर स्वतःच प्रथिन पितात.

वरच्या द्रावणातलं प्रथिन तांब्याच्या रंगपद्धतीने, म्हणजे बीसीएने, ५६२ नॅनोमीटरवर मोजा. स्टँडर्ड कर्व्ह त्याच प्रथिनाचा आणि त्याच मुरवलेल्या बफरमध्ये. फायब्रिनोजेन मोजायला अल्ब्युमिनचा कर्व्ह वापरू नका, रंग प्रत्येक प्रथिनाला वेगळा चढतो.

आता हिशेब. समजा १ मिग्रॅ/मिलीचं द्रावण १ मिली घातलं, शेवटी ०.८२ उरलं, दाणे ०.१ ग्रॅम आणि पृष्ठफळ ग्रॅमला १.१ चौरस मीटर. सरधोपट उत्तर: ०.१८ मिग्रॅ गेलं, भागिले ०.११, म्हणजे १.६४ मिग्रॅ/चौ.मी.

पण दाण्यांच्या पोटात ४७ मायक्रोलिटर बफर आधीच होता. एकूण द्रव १.०४७ मिली. उरलेलं प्रथिन ०.८२ × १.०४७ = ०.८५९ मिग्रॅ. चिकटलेलं ०.१४१ मिग्रॅ, म्हणजे १.२८ मिग्रॅ/चौ.मी. जवळपास पाव भाग नुसत्या पातळ होण्याचा होता! जास्त सच्छिद्र दाणे जास्त ‘प्रथिनप्रेमी’ ठरतात ते कित्येकदा एवढ्यावरच.

तपासणी: मूळ मात्रेतली घट निदान १० टक्के असेल तरच या वजाबाकीवर भरवसा ठेवा. ४० मिग्रॅ/मिलीच्या द्रावणातून ०.२ मिलिग्रॅम गेलं तर घट अर्धा टक्का होते, आणि पिपेटची चूकच त्याहून मोठी असते.

दाट द्रावणासाठी मग दुसरा मार्ग उरतो: दाणे धुवायचे आणि चिकटलेलं सोडवून मोजायचं. पावसाळ्यातली ती मुलगी इथेच फसली. तिने ४० मिग्रॅ/मिली अल्ब्युमिन वापरलं, वरचं द्रावण ओढून काढलं आणि थेट डिटर्जंट घातला. दाण्यांच्या पोटातल्या ४७ मायक्रोलिटरमध्ये १.९ मिलिग्रॅम अल्ब्युमिन नुसतं अडकलेलं होतं. खरं चिकटलेलं होतं ०.२ च्या आसपास. दोन्ही मिळून ०.१ चौरस मीटरला भागलं की येतात २१.

धुण्याची रीत: मुरवलेला बफर १ मिली, ५ मिनिटं हलकेच फिरवणं, ओढून काढणं, असं तीनदा. प्रत्येक वेळी मागे ४७ मायक्रोलिटरच राहतो असं धरलं तर अडकलेलं प्रथिन दर धुण्याला सुमारे २२ पटींनी घटतं आणि तिसऱ्या धुण्यानंतर १.९ मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅमच्याही खाली जातं. ती ५ मिनिटं मात्र गाळू नका. छिद्रातलं प्रथिन बाहेर यायला वेळ लागतो, घाईने केलेली दहा धुणी तीन सावकाश धुण्यांची बरोबरी करत नाहीत.

तिन्ही धुण्यांचं पाणी फेकू नका, मोजा. तिसऱ्यात काही दिसायला नको. दिसतच राहिलं तर सैल बसलेलं प्रथिन सुटतंय, तसं लिहून ठेवा, म्हणजे तोही एक निकालच.

सावधान: धुवायला शुद्ध पाणी नको, ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट झालेलं असतं आणि पृष्ठभाग विरघळवतं. पीबीएस का नको ते दुसऱ्या टप्प्यात आलंच.

टप्पा ७ : चिकटलेलं सोडवा

तीन रसायनं हाताशी असतात आणि प्रत्येकाचं मोजणीच्या पद्धतीशी वेगळं वैर असतं.

०.४ मोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७, तासभर: कॅल्शियमला धरून बसलेली आम्लधर्मी प्रथिनं यात उतरतात. मोजणी बीसीएने चालते.

२ टक्के एसडीएस (एक डिटर्जंट), ९५ अंशांवर ५–१० मिनिटं: जास्त हट्टी प्रथिनांसाठी. बीसीए चालतं, ब्रॅडफर्ड (निळ्या रंगद्रव्याने प्रथिन मोजण्याची पद्धत) चालत नाही. इथे एक जुना सापळा आहे. आधीचा फॉस्फेट पोटॅशियमचा असेल तर एसडीएस घालताच पांढरा साका बसतो. पोटॅशियमसोबत एसडीएस विरघळत नाही. कोणी त्यालाच प्रथिन समजतं, कोणी विरघळलेला दाणा. फॉस्फेट सोडियमचाच वापरा आणि नळी बर्फात ठेवू नका.

०.५ मोलर ईडीटीए (कॅल्शियम घट्ट पकडणारं रसायन), पीएच ८: दाणाच विरघळवून टाकायचा. मात्रेचा हिशेब आधी करा. १०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये सुमारे १ मिलीमोल कॅल्शियम असतं, म्हणजे २ मिली ईडीटीए पुरता पुरता लागतो. १ मिली घालून ‘विरघळत नाही’ म्हणणाऱ्यांचे निम्मे दाणे साहजिकच शिल्लक राहतात. ईडीटीए तांबं पकडतो, म्हणून इथे बीसीए बाद. चांगलं पातळ करून ब्रॅडफर्डने मोजा, स्टँडर्डमध्येही तेवढाच ईडीटीए घाला.

तपासणी: द्रावणात उरलेलं + धुण्यांतलं + सोडवलेलं = घातलेलं, ही बेरीज प्रत्येक नळीला करा. माझ्याकडे ९० ते ११० टक्क्यांत न बसणारी नळी वहीत लाल होते. ती लपवत नाही, पण आलेखातही घेत नाही.

टप्पा ८ : आता प्लाझ्मा

मानवी रक्त म्हटलं की आधी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तिथे लागू पडतात. रक्तपेढीने तपासलेला प्लाझ्माही संसर्गजन्य समजूनच हाताळा. कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे: रक्त लागलेला कापूस-टिपकागद पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या आणि टिप लाल पिशवीत.

कोणता प्लाझ्मा, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून काय घातलेला? ईडीटीएचा कधीच नको, तो दाणा खातो. सायट्रेटचाही तोच दोष थोड्या प्रमाणात, शिवाय ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमधून सुटलेलं कॅल्शियम सायट्रेटवर मात करून नळीतच प्लाझ्मा गोठवू शकतं. मग दाण्यांवर फायब्रिनचं जाळं बसतं आणि आपण ‘फायब्रिनोजेन भरपूर चिकटलं’ असं लिहून मोकळे होतो. हेपॅरिन कॅल्शियम पळवत नाही, पण ऋणभारित असल्यामुळे दाण्यावर स्वतः बसतं. मात्रा कमीत कमी ठेवा आणि लिहा. हिरुडिनसारखा थ्रॉम्बिनरोधक मिळाला तर सर्वांत बरं, फक्त खर्च आधी विचारून घ्या. सीरम वापरणार असाल तर त्यात फायब्रिनोजेन नसतं, तेव्हा निकालात ते ‘सापडलं नाही’ असं लिहू नका.

गोठवलेला प्लाझ्मा ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवा. रात्री फ्रिजमध्ये ठेवून सकाळी वापरायचा, ही सोयीची सवय इथे घात करते. ४ अंशांच्या आसपास सावकाश वितळताना फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन आणि व्हॉन विलेब्रँड घटक साक्याच्या रूपाने खाली बसतात. रक्तपेढ्या क्रायोप्रेसिपिटेट असंच बनवतात. वर तुम्ही ‘गाळ काढायला’ सेंट्रिफ्यूज केलं, की जी प्रथिनं शोधायची होती तीच कचऱ्यात गेली.

मात्रा १० टक्के आणि १०० टक्के, दोन्ही करा. प्लाझ्मात अल्ब्युमिन लिटरला ३५–५० ग्रॅम, फायब्रिनोजेन २–४ ग्रॅम आणि फायब्रोनेक्टिन जेमतेम ०.३ ग्रॅम असतं. जे मुबलक आणि चपळ ते आधी पोचतं, आणि मागून येणारं, जास्त घट्ट धरणारं प्रथिन त्याला हटवून जागा घेतं. या अदलाबदलीला व्ह्रोमन परिणाम म्हणतात. प्लाझ्मा पातळ केला की या अदलाबदलीचा वेग बदलतो. म्हणून १० टक्क्यांवरचं चित्र शस्त्रक्रियेतल्या जखमेचं चित्र म्हणून खपवू नका. ५ मिनिटांची आणि २४ तासांची नळीही एकमेकींशी जुळेल अशी अपेक्षा नको.

धुणं, सोडवणं वरच्यासारखंच. प्रथिनं आकारमानाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर मात्र दाण्यांच्या वजनाप्रमाणे नव्हे, पृष्ठफळाप्रमाणे समान नमुना भरा. फॉस्फेट किंवा ईडीटीए फार असेल तर पट्टे वाकडेतिकडे धावतात, आधी डायलिसिस करा. वाचतानाही जपून: क्षपण केलेल्या (साखळ्यांमधले बंध तोडलेल्या) फायब्रिनोजेनची आल्फा साखळी अल्ब्युमिनच्या पट्ट्याच्या आसपासच येते आणि त्याखाली दडते. बीटा साखळी प्रतिपिंडांच्या जड साखळीच्या शेजारी पडते. नुसत्या निळ्या पट्ट्यावरून प्रथिनाचं नाव ठरवू नका. त्यासाठी प्रतिपिंड-ब्लॉट किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री लागते.

दाण्यांवरच थेट प्रतिपिंड लावून रंग काढायचा असेल, तर दोन गोष्टी. प्रतिपिंड हेही प्रथिनच, तेही दाण्याला चिकटतं, म्हणून प्लाझ्मा न लावलेल्या दाण्यांचा ब्लँक हवाच. आणि अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेलं प्रतिपिंड टाळा: दाण्यातून सुटणारं फॉस्फेट त्या विकराला दाबतं.

आकडा आल्यावर

वक्रावर लँगम्यूरचं समीकरण (कोणत्या मात्रेला पृष्ठभागावर किती रेणू बसतील ते सांगणारं) सुंदर बसतं. बसू द्या, सर्वाधिक मात्रेचा अंदाज त्यातून घ्या. पण ते समीकरण चिकटणं-सुटणं दोन्ही सारखं चालतं असं गृहीत धरतं. दाणे नुसत्या बफरमध्ये २४ तास ठेवून बघा. प्रथिन त्या समीकरणाने सांगितल्याइतकं सुटून येत नसेल, तर त्याच्या स्थिरांकातून बंधऊर्जा काढत बसू नका.

जास्त अल्ब्युमिन बसलं म्हणून हाड लवकर भरेल असंही काही नसतं. पेशी धरतात त्या फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिनला, आणि तीही योग्य बाजू वर करून बसली असतील तर. आपल्या आकड्याला ती बाजू दिसत नाही.

अहवालात हे सगळं एका तक्त्यात द्या: दाण्यांचं मूळ, भाजण्याचं तापमान, पृष्ठफळ आणि ते मोजण्याची रीत, बफर आणि त्याचा ३७ अंशांवरचा पीएच, प्रथिनाचा स्रोत व डायलिसिस, अडकलेल्या द्रवाचं आकारमान, धुण्यांची संख्या आणि वेळ, सोडवण्याचं रसायन, बेरजेची टक्केवारी. एकाच घाण्याच्या दाण्यांच्या तीन नळ्या म्हणजे तीन स्वतंत्र नमुने नव्हेत. निदान तीन वेगवेगळ्या घाण्यांवर प्रयोग करा. आणि प्रत्येक घाण्याचे चमचाभर सुके दाणे नावतारखेसह डेसिकेटरमध्ये जपून ठेवा, परीक्षक पृष्ठफळ पुन्हा मोजायला सांगतात ते बहुधा माल संपल्यावरच.